हर्णै बंदराच्या जलरंगांसाठी आर्चेसचा कोल्ड प्रेस ब्लॉक

संध्याकाळच्या मासळी लिलावाच्या वेळचं कोकणातलं हर्णै जलरंगात रंगवायचं असेल, तर आर्चेस या फ्रेंच ब्रँडचा 300 जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागदाचा ब्लॉक, म्हणजे कडा चिकटवलेला गठ्ठा, जरूर घ्यावा. मात्र कागदाचा पांढरा कुठे राखायचा हे पेन्सिलीच्या रेखाटनातच ठरवा. या कागदात रंग चांगलाच मुरतो. बोटीमागचा फेस नंतर ओल्या ब्रशने उचलू म्हटलं तर मळकट ठिपका उरतो, आणि निळा थॅलो (कागदात पक्का बसणारा रंग) असेल तर तेवढाही निघत नाही.

कागद शंभर टक्के कापसाचा, सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदात वापरलेला पदार्थ) जिलेटिनचं. ओला झाला की जो उग्र वास येतो तो त्याचाच. जिलेटिन प्राणिज आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचार करावा.

खरा फायदा कळतो तो आकाशात. हा कागद बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे आकाश आणि समुद्र एकाच वॉशमध्ये (पातळ रंगाच्या सलग थरात) घेऊन क्षितिज मऊ ठेवता येतं. पण खाऱ्या दमट हवेत वाळायला आणखी वेळ लागतो, आणि घाई इथेच नडते. कागद अर्धवट ओला असताना सुवर्णदुर्गाची तटबंदी लावली की पाणी मागे पसरतं आणि कडेला फुलकोबीसारखे डाग पडतात. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर थांबा. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला राखाडी एकाच हातात लावा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो.

पाण्यावरच्या चमकेसाठी चपटा ब्रश टिपकागदावर टिपून आडवा, हलका फिरवा. डोलकाठीचे दोर ब्लेडच्या टोकाने खरवडता येतात, पृष्ठभाग तेवढा दणकट आहे. फक्त कागद पूर्ण सुकलेला हवा. मासळी आणणाऱ्या बैलगाड्यांसाठी मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरलंत तर त्याच दिवशी काढा. उन्हात तापलं की ते चिकटतं आणि कागद सोलवटून येतो.

ब्लॉक कडांनी चिकटवलेला असल्याने बोर्ड-टेप लागत नाही. मोठ्या वॉशला मधे फुगतो, वाळल्यावर सपाट होतो; त्याआधी पान सोडवू नका. किंमत जड वाटत असेल तर याच कागदाचे सुटे ताव घेऊन चार तुकडे करा. पावसाळ्यात उरलेले ताव हवाबंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवा, नाहीतर बुरशीने सायझिंग मरतं आणि त्या जागी रंग शाईसारखा फुटतो.