पानशेत बॅकवॉटरची ट्यूब राइड: एकदा ट्यूब पाण्याखाली गेली, एकदा नाही गेली

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा गेलो होतो आणि आता जानेवारीत परत जाऊन आलो, म्हणून दोन्ही वेळचं एकत्रच लिहितीये. पानशेतच्या नेमक्या जागेचं नाव टाकत नाहीये कारण पहिल्या वेळी जे झालं ते एका बोटवाल्याच्या घाईमुळे झालं आणि दुसऱ्या वेळी त्याच काठावर दुसऱ्या माणसाने इतकं नीट काम केलं की अजून आठवलं तरी छान वाटतं. बोटीमागे हवेची ट्यूब ओढतात तिथे तुम्ही कुठेही गेलात तरी बघायच्या गोष्टी याच आहेत, मग ते पानशेत असो, तारकर्ली असो नाहीतर गोवा.

पहिली वेळ. माझी तेरा वर्षांची मुलगी आणि तिचा मामेभाऊ, दोघं पोटावर झोपून ट्यूबवर. मी काठावर मोबाईल धरून उभी. बोट सुटली, दहा सेकंद पण झाली नसतील, ट्यूबचं नाक पाण्यात घुसलं आणि ती पिवळीधमक एवढी मोठी ट्यूब दिसेनाशीच झाली, दोरी मात्र ताणलेली तशीच आणि बोट चाललीये पुढे. दोघं जॅकेटमुळे लगेच वर आले, मग ट्यूब बाजूला कुठेतरी उसळून बाहेर आली. पोरीच्या नाकातोंडात पाणी, मनगटावर हँडलच्या पट्टीचा लाल वळ, दोन दिवस होता तो. बोटवाला म्हणाला, ताई मुलं हलकी आहेत ना, पुढे सरकली, म्हणून झालं. ठीक आहे म्हटलं. मग नवरा आणि दीर बसले, दोघं मिळून दीडशे किलोच्या वर, तेव्हाही तेच, ट्यूब खाली. आता म्हणाला वजन जास्त झालं. म्हणजे हलकी माणसं बसली तरी ट्यूब बुडणार आणि जड बसली तरी बुडणार, हे मला काही पटेना, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलाच नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं नव्हतं पण पोरांनी सांगितलंच. त्यांना १२ जुलै १९६१ लख्ख आठवतो, पानशेत फुटलं तेव्हा त्या लहान होत्या आणि नारायण पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं होतं, त्यामुळे पानशेतच्या पाण्यात खेळायला जातोय म्हटलं की त्यांच्या पोटात आजही गोळा येतो, आणि मी त्यांना कधीच उगाच घाबरताय असं म्हणत नाही. जानेवारीत परत जायचं ठरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, आधी तू बघ सगळं आणि मग लेकीला बसव.

म्हणून या वेळी मी आधी अर्धा तास नुसती बघत बसले. बोट चालवणारे काका साठीच्या जवळचे, आधी मालवण तारकर्लीला बनाना बोटीवर होते म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा ट्यूब काठावर उन्हात पडलेली, हात लावला तर टणक, मला वाटलं चला या वेळी हवा व्यवस्थित आहे. काकांनी ती उचलली आणि पाण्यात लोटली आणि चहा प्यायला बसले. दहा मिनिटांनी मला बोलावलं, म्हणाले, "ताई, आता दाबा." दाबली तर तळहात आत गेला. कव्हरच्या कापडावर शिवणीच्या कडेने बारीक बारीक सुरकुत्या पडलेल्या, आधी एक नव्हती. काका म्हणाले ही उन्हाची हवा होती, आता खरी कळली.

हे मला इतकं आवडलं की घरी येऊन हिशोब करून बघितला. असल्या ट्यूबमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक ते दोन पीएसआय एवढाच दाब जास्त असतो, गाडीच्या टायरसारखा तीस बत्तीस नसतो. गडद रंगाची ट्यूब उन्हात ४५ अंशांपर्यंत तापली आणि धरणाच्या २५ अंशांच्या पाण्यात टाकली तर आतल्या हवेचा एकूण दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. सहा टक्के ऐकायला काहीच नाही, पण ते बाहेरच्या वातावरणाचा चौदा आणि वरचा दीड अशा सगळ्याचे सहा टक्के, म्हणजे जवळपास एक पीएसआय, म्हणजे ट्यूबमध्ये जी जास्तीची हवा म्हणून होती त्यातली बरीचशी गेली की! सकाळी फुगवलेली ट्यूब दुपारी दगडासारखी लागते आणि पाण्यात पडली की उशी होते ती अशी. दिवाळीत आमची ट्यूब काठावरून उचलून थेट दोरीला लावली होती, कोणी परत हात लावून बघितलं नव्हतं.

आणि उशी झाली की काय होतं तर माणसाच्या वजनाने ती मधोमध वाकते, पुढचं टोक खाली येतं, दोरी पण तिथेच बांधलेली असते त्यामुळे ओढ त्या टोकालाच बसते, मग ते टोक फावड्यासारखं पाणी उचलतं. एकदा का पाणी वरच्या बाजूने आलं की बोट जितकी जोरात ओढेल तितकी ट्यूब अजून खाली जाते. नाक घुसलं की बोटीचा गॅस ताबडतोब कमी करायचा, दुसरा उपाय नाही. दिवाळीतल्या दादाने नेमका वाढवला होता, वेगाने वर येईल असं वाटलं असणार त्याला.

काकांनी पाण्यातच परत हवा भरली, आधी इलेक्ट्रिक पंपाने आणि शेवटची पायपंपाने, कारण साधे इलेक्ट्रिक पंप शेवटचा दाब देत नाहीत, नुसते आवाज करतात. सुरकुत्या गेल्या, मग माझ्या नवऱ्याला म्हणाले काठाशी ओढून घ्या आणि वर उभे राहा. पाय दीडेक इंच आत गेला. दोन इंचांच्या वर गेला तर अजून भरायची, एवढं सोपं. आणि राइड संपल्यावर ट्यूब परत उन्हात टाकायची असेल तर थोडी हवा सोडून, नाहीतर टाके उसवतात.

दोरी. दिवाळीत जाड पांढरी नायलॉनची होती, मला तेव्हा मजबूत वाटलेली. नायलॉन पाण्यात बुडतं. बोट हळू असताना ती दोरी ट्यूबच्या खाली लोंबते आणि बोट सुटली की नाकाला खालून ओढते, म्हणजे सुरुवातच चुकीची. शिवाय नायलॉन ताणलं जातं आणि तुटलं तर चाबकासारखं परत येतं. काकांची दोरी पॉलिथिलीनची, तरंगणारी, आणि ट्यूबच्या जरा अलीकडे दोरीत ओवलेला एक फुगवायचा लाल बॉल, तो दोरीचं टोक पाण्याच्या वर ठेवतो आणि तोंडावर फवारा पण कमी येतो. अमेरिकेत या धंद्यातल्या लोकांनी मापं ठरवलेली आहेत, दोरी ५० ते ६५ फूट, आणि दोन जणांच्या ट्यूबला २३७५ पौंड म्हणजे हजार किलोच्या वर ताण सहन करणारी, चार जणांना ४१०० पौंड, साधारण १८६० किलो. दोन माणसांना एवढी कशाला असं वाटेल, पण ट्यूब पाण्यात घुसते तेव्हा दोरीवर येणारा ताण हा माणसांच्या वजनाचा नसतोच, तो पाण्याचा असतो.

मी विचारलं दोरी बोटीवर उंच खांबाला बांधली तर नाक आपोआप वर नाही का राहणार. काका म्हणाले सगळे हेच विचारतात, पण ट्यूब घुसली तर खांब उपटून येईल नाहीतर बोट कलंडेल, ट्यूब नेहमी खालीच बांधायची. त्यांनी बोटीच्या मागच्या दोन कड्यांमधून व्ही आकारात घेतली होती.

मग बसवणं. दोघांना सांगितलं छाती ट्यूबच्या मध्याच्या मागे पाहिजे, पाय मागे पाण्यात लोंबले तरी चालतील, वेग आला की मग वाटलं तर वीतभर पुढे सरका. हँडल मुठीत धरायचं, मनगट पट्टीत अडकवायचं नाही. हे दिवाळीत कोणी सांगितलं असतं तर तो वळ उठला नसता.

सुटायची पद्धत मात्र मी मुद्दाम बोटीत बसून बघितली, आणि सगळ्यात जास्त कौशल्य इथेच आहे असं माझं मत झालं. काका आधी इंजिन नुसतं गुरगुरत ठेवून पुढे सरकले, दोरीचा सगळा ढील संपेपर्यंत, मागे बसलेला पोरगा ओरडला "ताण आला" तेव्हा मग गॅस, झटका नाही पण रेंगाळणं पण नाही. कारण अगदी हळू ओढली तरी ट्यूब पाणी नांगरत जाते आणि नाक खालीच राहतं, तिला लवकर पाण्यावर चढवायला लागतं. दोनतीन सेकंदात ती चढली, ओढीचा आवाजच बदलला, आधी घुसळल्यासारखा होता तो सपासप झाला. पोरं असताना ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, मोठ्यांना बत्तीस, त्याच्या वर ते जात नाहीत, कोणी कितीही पैसे दिले तरी. वळणं मोठी घेतात कारण वळताना ट्यूब बोटीपेक्षा जोरात बाहेर फेकली जाते आणि मग दोरी ढिली पडून परत झटका बसतो, त्या झटक्यात पण नाक जातं. मागे तोंड करून बसलेला तो पोरगा पूर्ण वेळ ट्यूबकडेच बघत होता. अंगठा वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू, हात गळ्यावरून फिरवला की इंजिन बंद. असा माणूस बोटीत नसेल तर आपल्या पोरांना बसवू नका, चालवणारा पुढे बघणार का मागे?

ट्यूब एकदाही घुसली नाही. पोरं दोनदा वळणावर पडली, पण ते पडणं वेगळं, हसत हसत पडली.

आता तक्रारी. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट फक्त दोन होती, एकाचा मांडीखालचा पट्टा तुटलेला, काकांनी दोरीने बांधून दिला पण तो नवा घ्यायलाच पाहिजे. कपडे बदलायची खोली म्हणजे ताडपत्री. रेंज मिळत नाही त्यामुळे रोख पैसे न्या, माणशी पाचशे घेतले. आणि उन्हाळ्याच्या शेवटी जाऊ नका, पाणी उतरलं की काठचा चिखल आणि खुंट उघडे पडतात, मोठं वळण घ्यायला जागा उरत नाही. रविवारी परत येत असाल तर चारलाच निघा, खडकवासला चौपाटीला कणीस खाणाऱ्यांच्या गाड्यांत आम्ही सव्वा तास अडकलो. पाचपैकी साडेचार, अर्धा जॅकेटचा कापला.

आम्ही निघताना पुढचा ग्रुप आला, आठ-दहा कॉलेजची मुलं, घाईत, काका लवकर काढा ना म्हणून मागे लागलेली. आमची राइड संपून ट्यूब वीसेक मिनिटं उन्हात पडली होती. काकांनी ती परत पाण्यात लोटली आणि म्हणाले, "बसा दहा मिनिटं, चहा घ्या."