पायऱ्यांना साग की पांढरा ओक?

जिन्याचं लाकूड ठरवताना लोक आधी कडकपणाचे आकडे काढतात. यान्का चाचणीत ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. पांढऱ्या ओकला साधारण १३६० पौंड लागतात, सागाला १०७०च्या आसपास. आकड्यांवर जायचं तर इथेच विषय संपतो, ओक घ्या. मीही आधी तेच केलं होतं.

आमच्या आधीच्या घरात ओकच्या पायऱ्या होत्या, आताच्या घरात सागाच्या आहेत. कडकपणातला फरक मला पायाला कधी जाणवला नाही. हातोडी पडली तर दोन्हींवर खोक पडते. बूट-चपलांचे ओरखडे तर लाकडापेक्षा वरच्या पॉलिशवरच जास्त उठतात. दिसायला मात्र ओक सरस, हे मान्य. जिना अंधारा असेल तर त्याचा फिका रंग खरंच उपयोगी पडतो.

मला छळलं ते करकरीने. ओकच्या जिन्याची वरून चौथी पायरी. हवा दमट असेपर्यंत गप्प, कोरडी झाली की बोलायला लागायची. रात्री पाण्यासाठी उठलं की ती गाळून लांब टांग टाकायची, आणि झोपेत हिशेब चुकला की नेमका तिच्यावरच पाय. अख्खं घर जागं. फटीत शंखजिऱ्याची पूड भरली, खालून पाचर ठोकली. महिनाभर शांतता, मग पुन्हा तेच. एकदा खाली बसून नीट पाहिलं, तर आडवी फळी आणि मागची उभी फळी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत होतं. दमट दिवसांत तिथे साधा कागदही जात नसे.

लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पायरीची फळी आकसली की खिळ्याची पकड सैल होते, वजन पडलं की फळी दबते आणि खिळ्याला घासते. आवाज येतो तो त्या घासण्याचा. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत आडव्या कापाचा (टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं आडवी दिसतात तो) पांढरा ओक रुंदीत सुमारे साडेदहा टक्के आकसतो, साग पाच-साडेपाच. घरात यातला थोडाच भाग वाट्याला येतो. तरी २८० मिलिमीटर रुंदीच्या फळीतली ओल चार टक्क्यांनी बदलली, तर ओक सुमारे चार मिलिमीटर सरकतो आणि साग दोन. ते जास्तीचे दोन मिलिमीटर म्हणजे माझी चौथी पायरी.

आता ओकची बाजू. उभ्या कापाची फळी घेतली, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं उभी दिसतात ती, तर ओकचं हे सरकणं जवळपास निम्म्यावर येतं. माझ्या फळ्या आडव्या कापाच्या होत्या, त्यामुळे दोष ओकचा कमी आणि माझ्या घाईचा जास्त, असंही कोणी म्हणू शकेल. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे झाडातलं तुरट द्रव्य, भरपूर. ओल्या फळीवर लोखंडाची कुठलीही वस्तू राहिली की काळा डाग पडतो. पण पायपुसणं नीट असेल तर हा त्रास फारसा होत नाही.

सागही काही गरीब गाय नाही. त्याच्या अंगच्या तेलामुळे पॉलिश नीट धरत नाही. कोट मारायच्या आधी फळी अॅसिटोनने पुसून घेतली नाही, तर थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या दोन पायऱ्यांवर सुटला, पुन्हा घासून घ्याव्या लागल्या. शिवाय सागात सिलिका असल्याने करवतीची पाती लवकर बोथटतात, आणि सुतार ते ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. कोवळ्या झाडाचा, पांढरट भाग जास्त असलेला साग मिळत असेल तर माझं वरचं सगळं कौतुक मागे घेतो. गाभ्याचंच लाकूड मागा.

आताच्या जिन्यावर चार उन्हाळे गेले. एक पायरी अधूनमधून कुरकुरते, पण खाली वाकून कान द्यावा लागतो. तुमच्या घरात हवा वर्षभर सारखी राहत असेल तर ओक घ्यायला हरकत नाही, फळ्या मात्र उभ्या कापाच्या मागा. हवा बदलती असेल तर मी सागाकडे झुकेन. लाकूड कुठलंही असो, फळ्या बसवण्याआधी दोन-तीन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. सुतार घाई करेल, करू द्या.