वेब पेज उतरवून फाइलमध्ये ठेवायचं: कर्ल, डब्ल्यूगेट, पायथन की ब्राउझर?

साधन निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला सर्व्हरने पाठवलेलं पान हवंय, की ब्राउझरमध्ये दिसतं ते? बऱ्याच साइट्सवर सर्व्हर नुसता सांगाडा पाठवतो आणि खरा मजकूर जावास्क्रिप्ट मागाहून भरते. तपासणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा आणि हवं ते वाक्य शोधा. सापडलं, तर पहिली तीन साधनं पुरेत. नाही सापडलं, तर त्यांच्याशी झटापट करण्यात वेळ घालवू नका.

एकच पत्ता आणि एकच फाइल असेल तर कर्ल. १९९८ पासून चालत आलेलं हे कमांड लाइनवरचं साधन मॅकवर असतंच, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही आलं. मात्र त्याच्या दोन सवयी माहीत हव्यात. पान दुसऱ्या पत्त्यावर हलवलेलं असेल तर कर्ल आपणहून तिकडे जात नाही, त्यासाठी 'लोकेशन' हा पर्याय द्यावा लागतो. आणि सर्व्हरने ४०४ (म्हणजे 'पान सापडलं नाही') दिला, तरी ते चुकीचं पान निमूटपणे फाइलमध्ये लिहून काम यशस्वी झाल्याचं सांगतं. स्क्रिप्टमध्ये वापरणार असाल तर 'फेल' हा पर्याय विसरू नका.

डब्ल्यूगेट त्याहून दोनेक वर्षांनी जुनं. रीडायरेक्टमागे, म्हणजे हलवलेल्या पानाच्या नव्या पत्त्यावर, ते स्वतःच जातं, जोडणी मध्येच तुटली तर मूळ सेटिंगनुसार २० वेळा प्रयत्न करतं, पण ४०४ आला की थांबतं. त्याचा खरा उपयोग पान ऑफलाइन वाचायचं असेल तेव्हा होतो: चित्रं, स्टाइलशीट सगळं सोबत घेऊन आतल्या लिंक स्थानिक फाइलींकडे वळवून देतं. हे काम स्वतः कोड लिहून करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. साइट खोलवर उतरवताना ते रोबॉट्स फाइलचा (साइटवरचं काय यंत्रांनी उतरवू नये, हे सांगणाऱ्या फाइलचा) मानही राखतं. मॅकवर मात्र ते वेगळं बसवावं लागतं.

पानातून काही वेचायचं असेल, किंवा पत्त्यांची मोठी यादी असेल, तर पायथन. इथे दोन लायब्ररींच्या वाटा आहेत. 'यूआरएललिब' पायथनसोबतच येतं, त्यामुळे काही बसवण्याची परवानगी नसलेल्या सर्व्हरवर तेच बरं. ४०४ आला की ते एरर फेकतं. 'रिक्वेस्ट्स' वापरायला जास्त सुटसुटीत आहे, पण ४०४ वर गप्प राहतं, 'रेझ फॉर स्टेटस' तुम्हाला बोलवावं लागतं. टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, दोघांनाही हाताने द्या. नाहीतर अडकलेला सर्व्हर तुमचा प्रोग्रामही अडकवून ठेवतो.

देवनागरी पानं साठवणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की सांभाळावी. सर्व्हरने हेडरमध्ये (पानासोबत पाठवलेल्या माहितीत) एन्कोडिंग, म्हणजे बाइट्समधून अक्षरं कशी वाचायची ती पद्धत, सांगितलं नसेल, तर 'रिक्वेस्ट्स'चं 'टेक्स्ट' ते लॅटिन-१ धरून चालतं, पानाच्या आत यूटीएफ-८ लिहिलेलं असलं तरी. मग फाइलमध्ये अक्षरांऐवजी चिन्हांचा चुरा मिळतो. उपाय सरळ आहे: 'टेक्स्ट' न घेता 'कंटेंट' घ्या आणि फाइल बायनरी मोडमध्ये उघडून लिहा. आलेले बाइट्स जसेच्या तसे राहतात, आणि एन्कोडिंगचा निर्णय नंतर शांतपणे घेता येतो. शिवाय आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदला, म्हणजे मध्येच बंद पडल्यास अर्धवट फाइल पूर्ण समजली जाणार नाही. यादी लांब असेल तर दोन विनंत्यांमध्ये थोडं थांबा. समोरचा सर्व्हर कोणाच्या तरी खर्चाने चालतो.

राहिला ब्राउझर. प्लेराइट किंवा पपेटियर ही साधनं खरा ब्राउझर पडद्याविना चालवतात, जावास्क्रिप्ट पूर्ण होऊ देतात आणि तयार पान तुमच्या हाती देतात. किंमत वेळेत आणि मेमरीत मोजावी लागते. 'पान तयार झालं' हे कधी मानायचं, तेही तुम्हीच ठरवायचं. ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा एखादा विशिष्ट घटक दिसेपर्यंत थांबणं केव्हाही भरवशाचं.

पण ब्राउझर चालवण्याआधी डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून पान पुन्हा लोड करा. मजकूर बहुधा कुठल्यातरी पत्त्यावरून जेसन या नुसत्या माहितीच्या स्वरूपात येताना दिसेल. तो पत्ता लॉगिनशिवाय उघडत असेल, तर 'रिक्वेस्ट्स'ने थेट तोच मागा. पानापेक्षा स्वच्छ माहिती मिळते आणि ब्राउझरची गरजच राहत नाही.