कंटिन्युअस लेझर प्रिंटरला कागदाचं टेन्शन: डान्सर घ्यावा की लोडसेल?

सेकंडहॅण्ड कंटिन्युअस फीड, म्हणजे सुट्या पानांऐवजी रिळावरून सलग कागद घेणारा लेझर प्रिंटर घ्यायचं ठरलं की सगळे ड्रम किती चाललाय, टोनर कागदावर तापवून पक्कं करणारा फ्युजर कसा आहे, टोनर कुठं मिळतो एवढंच विचारतात, आणि रिळाचा स्टँड म्हणजे अनवाइंडर कुठलाही चालतोय म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. मशीन चांगलं असूनसुद्धा छपाई वरखाली सरकती, मध्येच चुण्या पडतात, कागद तुटतो, यातला बराच त्रास रीळ आणि प्रिंटर यांच्या मधल्या दोन-तीन मीटरात तयार होतो. म्हणून टेन्शन, म्हणजे कागदाची ओढ, कशानं धरायची हे मशीनच्या आधी ठरवा: डान्सरनं, म्हणजे कागदाबरोबर सरकणाऱ्या रोलरनं, की लोडसेलनं, म्हणजे ओढ मोजणाऱ्या सेन्सरनं. कोल्हापुरात पतसंस्थेची स्टेटमेंटं, बिलं, बारकोडवाल्या उत्तरपत्रिका, थोड्या प्रतींची पुस्तकं असलं मिक्स काम करायचं असेल तर माझं मत डान्सरकडं आहे, आणि का ते आकड्यानिशी सांगतो.

आधी एक गोष्ट ऑफसेटवाल्यांसाठी, कारण इथं बरेच जण ऑफसेटमधून येतात. ऑफसेटच्या वेब म्हणजे रिळावरच्या मशीनला ब्लँकेट, म्हणजे छापणारं रबरी कापड, कागद दाबून धरतं. लेझरमध्ये टोनर ड्रमवरून कागदावर विजेच्या चार्जनं येतं, तिथं दाब नावालाच असतो, त्यामुळं त्या जागी कागदाचा आणि ड्रमच्या पृष्ठभागाचा वेग जुळला नाही तर अक्षर फराटतं. आणि दुसरं म्हणजे हे मशीन सारखं थांबतं. डेटा यायला उशीर झाला, टोनर संपलं, पुढं घडी घालणारा फोल्डर अडकला, की थांबलं. थांबताना कागद ड्रमपासून सुटतो, गरम रोलरचा फ्युजर असेल तर तो उघडतो नाहीतर कागद करपेल, आणि पुढचं पान नेमक्या जागेवर सुरू व्हावं म्हणून बऱ्याच मशीनमध्ये कागद थोडा मागं घेतला जातो. ऑफसेटला एकदा वेग पकडला की तासभर बघायचं नाही, इथं टेन्शनची खरी परीक्षा चालू असताना नाही, थांबताना आणि परत सुटताना असते.

आता आकडे. समजा ५०० मिमी रुंदीचा ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, रिळाचा व्यास ५० इंच म्हणजे १२७० मिमी, आणि वेग मिनिटाला ७५ मीटर, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. रिळाचं वजन साधारण ५०० किलो भरतं. टेन्शन ६० न्यूटन धरू, म्हणजे सहा किलोचं वजन कागदाला टांगल्यासारखं. भरलेल्या रिळाला एवढं टेन्शन ठेवायला रिळाच्या ब्रेकला ३८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरण्याला अडवणारा जोर लागतो, आणि रीळ संपत येऊन त्रिज्या ५ सेंटिमीटरवर आली की तेच ६० न्यूटन धरायला फक्त ३ लागतो. बारा-तेरा पट फरक, एकाच रिळात. आता प्रिंटर अर्ध्या सेकंदात थांबला असं धरा. ५०० किलोचं फिरतं रीळ त्याच अर्ध्या सेकंदात थांबवायचं तर चारशेच्या आसपास न्यूटन मीटर लागतात, चालू टॉर्कच्या दहा पट. चारशेचा ब्रेक बसवला तर त्याचा रिकामा ओढच रीळ संपताना लागणाऱ्या ३ च्या वर जाऊ शकतो, मग शेवटच्या शे-दोनशे मीटरात कागद ताणला जातो आणि सगळ्यांना वाटतं रीळच खराब आलंय.

यातून सुटायचा रस्ता एकच, रिळाला थांबायला जादा वेळ द्यायचा. दोन सेकंद दिले तर रीळ थांबवायला शंभराच्या आतबाहेर टॉर्क पुरतो. पण त्या दोन सेकंदात रिळातून सव्वा मीटर कागद सुटतो आणि प्रिंटरनं घेतलेला असतो फक्त ३१ सेंटिमीटर. उरलेला ९४ सेंटिमीटर कागद कुठंतरी ठेवावा लागणार. तो कुठं ठेवायचा, सगळी निवड या एका प्रश्नावर येऊन थांबते.

डान्सर म्हणजे हलता रोलर, कागद त्याला अर्धा वेढा घालून जातो, मागं हवेचा सिलेंडर त्याला ओढून धरतो. रोलर जेवढा सरकेल त्याच्या दुप्पट कागद साठतो, म्हणजे ९४ साठी एका रोलरला ४७ सेंटिमीटर जागा पाहिजे, दोन रोलरचा केला तर साडेतेवीसमध्ये भागतं. टेन्शन ठरतं हवेच्या दाबावर, आणि रोलरची जागा सेन्सरनं वाचून ब्रेकला कमीजास्त करायचं. यातली खरी मजबूत बाजू ही की इलेक्ट्रॉनिक्सला अर्धा सेकंद उशीर झाला तरी टेन्शन फारसं बदलत नाही, नुसता रोलर सरकतो. हिशेबही सोपा आहे. कागद दोन्ही बाजूंनी ओढतो म्हणून ६० न्यूटनला सिलेंडरनं १२० न्यूटन द्यायचे, ३२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर दीड बार दाबाला तेवढेच देतो, रोलर आडवा सरकत असेल तर. उभा सरकणारा असेल तर रोलरचं वजन हिशेबात धरा, हे विसरलं जातं.

लोडसेलचं वेगळं आहे. एका स्थिर रोलरच्या दोन्ही टोकांना सेल बसवायचे, ते कागदाचा दाब सरळ मोजतात आणि कंट्रोलर त्यावरून ब्रेक किंवा मोटर चालवतो. जागा कमी लागते, स्क्रीनवर टेन्शनचा खरा आकडा दिसतो, काल या कागदाला किती ठेवलं होतं ते लिहून ठेवता येतं. डावा-उजवा सेल वेगवेगळा वाचला तर एका कडेला कागद ढिला आहे हेही कळतं, आणि ही माहिती डान्सर कधीच देत नाही, त्याला दोन्ही कडांची बेरीजच कळते. पण लोडसेलकडं कागद साठवायला एक सेंटिमीटर जागा नाही.

आणि कागद ताठ असतो हे लक्षात घ्या, प्लॅस्टिकच्या फिल्मसारखा लांबत नाही. वरच्या उदाहरणातला कागद ६० न्यूटनला फक्त ०.०३ टक्के लांबतो, १२ इंचाच्या पानावर एक दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ऐकायला चांगलं वाटतं, पण उलट बाजूनं बघा, दोन रोलरच्या वेगात नुसता ०.१ टक्का फरक पडला की टेन्शन २०० न्यूटनच्या घरात जातं. म्हणजे लोडसेलवाल्या सिस्टिमला चूक सुधारायला मिळणारा वेळ लय कमी, त्यामुळं तिथं नुसता ब्रेक चालत नाही, चांगली सर्वो मोटर (वेग नेमका धरणारी) आणि ती नीट ट्यून करणारा माणूस लागतो. एकसारखं काम रात्रंदिवस चालणार असेल, कागद एकाच मिलचा येणार असेल, तर हे सगळं परवडतं आणि लोडसेल तिथं डान्सरपेक्षा बारीक टेन्शन धरतो, हे मी मान्य करतो. आपल्याकडं सकाळी ७०, दुपारी ८०, संध्याकाळी कुणाचा तरी उरलेला ६० जीएसएमचा अर्धा रीळ, असं चालतं.

रीळ गोदामात आडवं पडून अंडाकृती झालेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला टेन्शनचा झटका येतो. भरलेलं रीळ सव्वातीन सेकंदात एक फेरा घेतं, तो झटका डान्सर आरामात गिळतो. रीळ संपताना मात्र सेकंदाला चार फेरे होतात, तिथं जड रोलरचा डान्सर मागं पडतो, म्हणून डान्सरचा रोलर हलक्या ॲल्युमिनियम पाइपचाच पाहिजे आणि सिलेंडर कमी घर्षणाचा. साधा सिलेंडर बसवला तर तो आधी चिकटतो मग एकदम सुटतो, आणि लोक डान्सरला नावं ठेवतात.

पावसाळ्याचं वेगळं बोलायला पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा किती ओली असते ते सांगायला नको. उघड्या रिळाच्या कडा ओल शोषतात आणि लाटा येतात, मध्ये कागद ताणलेला आणि कडेला ढिला, टेन्शन वाढवून ते सरळ होत नाही, जास्त वाढवलं तर चुणी पक्की बसते. त्यात फ्युजरची उष्णता लागली की ओल उडून कागद आकसतो, रुंदीत जास्त, लांबीत कमी. दोन इंजिनं, म्हणजे छापणारी युनिटं, एकामागं एक लावून दोन्ही बाजू छापायच्या असतील तर पहिल्यातून आलेला कागद दुसऱ्यात जाताना मापानं लहान झालेला असतो, आणि तिथंही मध्ये लूप किंवा डान्सर नसेल तर दोन इंजिनं एकमेकांना ओढत बसतात. डान्सरला पावसाळ्यात एकच जादा काम, कॉम्प्रेसरचं पाणी रोज सोडायचं, नाहीतर हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये पाणी जाऊन दाब हलायला लागतो. रिळाचं प्लॅस्टिक मशीनवर चढवायच्या वेळीच काढा, हे दोन्हीकडं सारखंच लागू.

आता राहिले दोन स्वस्त पर्याय. पहिला, नुसता पावडर ब्रेक (करंट दिला की आतली चुंबकी पावडर घट्ट होऊन धरणारा) आणि व्यास मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, मापणी काहीच नाही, व्यासाच्या हिशेबानं करंट कमी करत जायचा. हळू मशीनला ठीक. पण पावडर ब्रेक करंट असेल तरच धरतो, लाइट गेली की रीळ मोकळं फिरतं आणि सगळा कागद फरशीवर येतो. कुठल्याही पर्यायात लाइट गेल्यावर स्प्रिंगनं आपोआप बसणारा ब्रेक जोडीला घ्याच. दुसरा पर्याय मोकळा लूप, कागद खाली झोळीसारखा सोडायचा आणि सेन्सरनं त्याची खोली धरायची. तुमचं मशीन कडेला भोकं असलेल्या कागदावर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या अंतरावरच्या पिनांच्या ट्रॅक्टरवर चालणारं असेल तर हाच सगळ्यात बरोबर पर्याय, कारण तिथं ओढ जास्त झाली की भोकं लांबट होतात आणि फाटतात. लेझर प्रिंटरमध्ये १९७५ साली आलेल्या आयबीएम ३८०० पासून ही भोकांची पद्धत चालत आली आहे आणि जुन्या बाजारात अजून अशी मशीनं मिळतात. बिनभोकाच्या मशीनला मात्र आत जाताना एकसारखी ओढ पाहिजे, तिथं मोकळा लूप एकटा पुरत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे. डान्सरचा रोलर, बेअरिंगची घरं, स्लाइड सगळं शिवाजी उद्यमनगरात होऊन जातं, लेथवाला समोर बसून पाव मिलिमीटरसुद्धा चुकू देणार नाही, फक्त रोलर बॅलन्स करून घ्या. इचलकरंजीत सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कामाला, असलेला फिटर मिळाला तर त्याला डान्सर समजावून सांगावा लागत नाही, सूत काय कागद काय, ढिलं पडलं की कुठं बघायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं. लोडसेलचा सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर गेला तर तो बाहेरून मागवेपर्यंत मशीन उभं.

तरी लोडसेलच घ्यायचा असं ठरलं असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. सेल उगाच मोठा घेऊ नका. ६० न्यूटनच्या कागदानं रोलरला काटकोनात वळसा घेतला तर रोलरवर येतो फक्त ८५ न्यूटन जोर, तिथं ५०० न्यूटनचे दोन सेल बसवले तर सिग्नल क्षमतेच्या साडेआठ टक्के, मग आकडा नाचत राहतो. आणि सेलचा रोलर रिळानंतरचा पहिलाच ठेवू नका, रीळ लहान होईल तसा कागदाचा कोन बदलतो आणि मापही चुकतं. कॅलिब्रेशनला कागदाच्या वाटेनं दोरी घालून तिला सहा किलोचं वजन टांगायचं, ५९ न्यूटन दिसले पाहिजेत.

बजेट थोडं वाढवता आलं तर मी स्वतः डान्सरनं टेन्शन धरेन आणि पुढच्या एका स्थिर रोलरला लोडसेल फक्त वाचायला लावेन. छापलेला कागद परत रिळावर गुंडाळणार असाल तर तिथंही डान्सरच, पण रेग्युलेटर इलेक्ट्रिक घ्या, म्हणजे रीळ मोठं होईल तसं टेन्शन हळूहळू उतरवता येतं, नाहीतर आतले थर दबून सरकतात.

विकणाऱ्याकडं बघायला जाल तेव्हा मशीन पूर्ण वेगात चालवून दाखवा म्हणण्यापेक्षा भरलेल्या रिळावर आणि परत संपत आलेल्या रिळावर चार-पाच वेळा स्टॉप दाबायला सांगा. थांबल्यावर परत सुरू झालेल्या पहिल्या दोन-तीन पानांवरची आडवी रेघ आधीच्या पानांशी जुळवून बघा, आणि डान्सर असेल तर तो दोन्ही टोकांना आपटतोय का ते कान देऊन ऐका.