'नवा' हीटर कोअर घेतला आणि ८,३०० रुपये गेले

माझी एस्टीम २००४ ची. पावसाळ्यात काचेवर आतून चिकट धुकं धरायला लागलं, डाव्या सीटपुढची मॅट ओली, गाडीभर गोडसर वास. कूलंटच तो, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळत होता. गॅरेजवाल्याने ९,५०० सांगितले, कारण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मला ते काम येतं, म्हणून घरीच करायचं ठरवलं. पार्ट दुकानांत मिळेना. फोनवर सापडलेल्या विक्रेत्याने "दादा, पॅक पीस आहे" म्हणत व्हिडिओ पाठवला. कुरिअर धरून ४,१५० आधीच दिले. आधी पैसे द्यायचे नसतात हे मलाही कळतं हो, पण महिनाभर शोधून पार्ट समोर दिसल्यावर कोण थांबतो?

खोकं उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. त्या पार्टला तोच गोडसर वास होता. नव्या कोअरला कूलंटचा वास येईलच कसा? मला वाटलं, माझ्या हातालाच लागलाय. नळ्यांच्या तोंडाला टोप्याही नव्हत्या. नुसतं आत बोट फिरवलं असतं तरी तांबूस गाळ हाताला लागला असता.

दोन रविवार घालवून बसवला. इंजिन तापलं आणि शेजारी बसलेल्या आईच्या साडीचा काठ हिरव्या पाण्याने भिजला. परत सगळं उतरवलं, तर जोडाला पुट्टी आणि वरून चंदेरी स्प्रे! बसवण्याआधी एक नळी बंद करून दुसरीतून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरा आणि कोअर पाण्याच्या बादलीत बुडवा; बुडबुडे आले तर गळका. पाच मिनिटं लागतात.

विक्रेता म्हणाला, रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा. रागाच्या भरात पिन टाकला, आणखी ४,१५० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही!

चौकीत दोन तास बसवलं. "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" क्यूआरचं सांगितलं तर म्हणाले, बँकेचा शिक्का आणा. बँक म्हणते, आधी तक्रारीची प्रत आणा. पुन्हा चौकी, तर साहेब बंदोबस्तावर. तीन खेपा, तीन अर्धे दिवस रजा, आणि वर "एवढं शिकलेले तुम्ही" हे ऐकायचं. चोराला कोणी एक फोन लावला नाही. पैसे गेल्या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मी तिसऱ्या दिवशी लावला.

सध्या इंजिनकडचे दोन्ही होज, म्हणजे रबरी पाइप, एकमेकांना जोडून हीटर बंद केलाय. तो कोअर खोक्यासकट जपून ठेवलाय. सोमवारी परत बोलावलंय, तो घेऊनच जाणार.