सहा महिने डायल गेज वापरल्यावर: आरएक्स 100 चं टायमिंग आणि अर्धी तुटलेली की

कोल्हापूरच्या माळावर पळवायला ठेवलेल्या माझ्या यामाहा आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं पावसाळ्याआधी फुल इंजिन केलं. क्रँकला नवीन रॉड किट, 0.50 मिमी मोठं बोअर, नवा पिस्टन. घरी आणली आणि पहिल्याच किकला गाडीनं अशी उलटी मारली की गुडघा आठवडाभर ठणकत होता.

त्यानंतर महिनाभर मी नको ते सगळं केलं. कार्बोरेटर तीनदा धुतला, मेन जेट मोठा टाकला, हवा ओढत असेल म्हणून क्रँकचा सील बदलला. गाडी चढाला घणघणायची आणि दोन फेऱ्यांत तापायची. खरं तर प्लगच तोंडानं सांगत होता: पोर्सेलीनवर बारीक चंदेरी ठिपके, म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम उडत होतं. पण मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावर फिरणारं, ठिणगीची वीज बनवणारं चाक) खूण केसवरच्या खुणेला बरोबर जुळत होती, मग टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेवर, शंका कोण घेणार!

शेवटी प्लगच्या भोकात बसणारा, पिस्टन किती मिमी सरकला ते दाखवणारा, 14 मिमी आट्यांचा डायल गेज मागवला. काटा जिथं उलटा फिरतो तो टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा. तिथं डायल शून्यावर आणायची. मग मॅग्नेट मागं फिरवून पिस्टन चारेक मिमी खाली घ्यायचा आणि सावकाश पुढं आणायचा. पॉइंटमध्ये, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांत, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. कागद सुटला की डायल वाचायची. मला हवं होतं टीडीसीच्या आधी 1.8 मिमी, निघालं 2.6. अंशात सांगायचं तर जवळजवळ चार अंश आधीच ठिणगी!

पुलरनं मॅग्नेट काढला तर की, म्हणजे क्रँकवर मॅग्नेटची जागा ठरवणारी छोटी पट्टी, अर्धी कापलेली. मॅग्नेट क्रँकवर सरकला होता आणि खूणही त्याच्याबरोबर सरकली होती, त्यामुळे ती जुळणारच. टेपर, म्हणजे मॅग्नेट बसतो ते क्रँकचं निमुळतं टोक, तेलकट होता. आमचे मिस्त्री मामा म्हणाले, "अरं, की फक्त जागा दाखवती, पकड टेपरची असती." मग ग्राइंडिंग पेस्ट लावून टेपर घासला, पेट्रोलनं पुसून कोरडा केला, नवी की घातली आणि नट नीट आवळला. पॉइंटचा गॅप 0.35 मिमी ठेवून पॉइंटची प्लेट फिरवली. गॅप आधी, टायमिंग नंतर. कारण गॅप वाढला की टायमिंग आपोआप पुढं सरकतं. हे मी आधी उलटं करून एक रविवार वाया घालवलाय.

त्याला आता सहा महिने झाले. दर महिन्याला मोजतो. तिसऱ्या महिन्यात 1.65 दिसलं तेव्हा पोटात गोळा आला, पण की शाबूत होती. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजून गॅप कमी झाला होता, एवढंच. किक आता गुमान खाली जाते आणि प्लग तपकिरी निघतो.

गेजबद्दल तक्रार एकच. अडॅप्टरचा पकड-स्क्रू फालतू आहे. ढिला झाला की डायल हलते आणि आकडा खोटा येतो. मी त्या जागी साधा ॲलन बोल्ट लावलाय. शिवाय दर वेळी शेवटी पुन्हा टीडीसीवर जाऊन शून्य दिसतंय का बघतो. नाही दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मित्राच्या फोर-स्ट्रोक गाडीवर वापरून बघितला, पण तिथं प्लग तिरका आहे. दांडीही तिरकी बसते आणि खरा आकडा मिळत नाही. तशी गाडी असेल तर हा घेऊ नका, टायमिंग लाइट घ्या.