फायनान्सच्या वर्गात बँकर, सीए आणायचे, पण कोणत्या पद्धतीने?

कोल्हापुरात एमबीए किंवा एम.कॉम.च्या वर्गात बँकेचा क्रेडिट ऑफिसर, सीए किंवा साखर कारखान्याचा चीफ अकाउंटंट आणायचा, तर तीन वाटा आहेत: एखादं व्याख्यान, प्राध्यापकासोबत अर्धा पेपर (म्हणजे एक विषय दोघांनी वाटून शिकवायचा), किंवा ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (अनुभवी व्यावसायिकाची ठरावीक मुदतीची प्राध्यापक म्हणून नेमणूक).

व्याख्यान जमवायला दोन फोन पुरतात. पण शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकात अर्धा तास जातो, उरलेल्यात पाहुणे स्वतःच्या करिअरबद्दल बोलतात. पहिल्या सत्रातल्या मुलांना क्षेत्राची तोंडओळख करून द्यायला ठीक, बास.

प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिससाठी यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो; पीएच.डी., नेटची अट नाही. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच नेमणुका, एकूण मुदत तीन वर्षं, अपवादाने आणखी एक. मानधन संस्थेच्या किंवा उद्योगाच्या खिशातून. विभाग लहान असेल तर हे ओझं झेपत नाही.

आमचा कौल अर्ध्या पेपरला. सूत्रं प्राध्यापकाने शिकवायची, प्रत्यक्ष कर्जाचे कागद बँकरने. समजा, शिरोलीच्या एका फाउंड्रीची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचं बँकेचं कर्ज) मर्यादा ६० लाख. स्टॉक ४० लाख, त्यातले १० लाख पुरवठादारांचे देणे. येणी ६० लाख, पैकी १२ लाख नव्वद दिवसांवरची, म्हणून धरायची नाहीत. दोन्हीकडे २५ टक्के मार्जिन (कर्जदाराचा स्वतःचा वाटा) धरलं तर (३० चे २२.५) + (४८ चे ३६) = ५८.५ लाख ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मर्यादेतली प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम. मुलं हमखास देणं वजा करायला विसरतात; मग ६६ लाख येतात आणि मर्यादा पूर्ण वापरता येईल असं वाटतं. ही चूक बँकरच्या नजरेतून सुटत नाही.

वेळापत्रक मात्र त्यांच्या सोयीनं लावा. सीएला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास बोलावू नका, बँकरला तिमाहीअखेरीस. दुसरा-चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, तेव्हा दोन-दोन तासांची सहा सत्रं बसतात. नोकरीत असणाऱ्याने वरिष्ठांची लेखी परवानगी आणावी. खऱ्या ग्राहकाची फाइल वापरायची तर नाव-पत्ता काढून सगळे आकडे एकाच पटीत बदला. गुणोत्तरं तशीच राहतात, ओळख पटणं अवघड होतं.

गुणदान प्राध्यापकाकडेच ठेवा. पाहुण्याकडे दिलं की निकालाच्या वेळी त्यांना फोनवर फोन करत बसावं लागतं.